गाठ अडीच इंचाची!

७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या व्यापारी भागात आग लागली आणि बघता बघता हाताबाहेर गेली. वॉशिंग्टनला निरोप गेला, तिथले बंब रेल्वेने काही तासांत हजर झाले. माणसं तयार, होज तयार, रस्त्याकडेच्या हायड्रंटला पाणीही होतं. मग अडलं कुठे? वॉशिंग्टनच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर बसेनात! मागोमाग फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून मदत आली, तिचीही तीच गत झाली. आग सुमारे ३० तास चालली. १,५०० हून अधिक इमारती गेल्या, १४० एकरांची राखरांगोळी झाली.

आग विझवायला पाणी लागतं हे शेंबडं पोरही सांगेल. पण इमारतीचा पाइप जिथे संपतो आणि माणसाच्या हातातला होज जिथे सुरू होतो, तिथे धातूची एक गाठ, म्हणजे कपलिंग, असते. तुमच्या जिन्यातल्या लाल व्हॉल्व्हच्या तोंडाशी ती आहे, शेजारच्या काचेच्या पेटीतल्या होजच्या दोन्ही टोकांना आहे. सोसायटीच्या सभेत लिफ्टवर तासभर वाद होतो, रंगाच्या छटेवर दोन तास. हिचा विषय मात्र 'फायरचं काम, एकूण रक्कम इतकी' या एका ओळीत निघतो. म्हणून आज तिच्याबद्दलच्या थोड्या गमतीच्या आणि बऱ्याच कामाच्या गोष्टी.

सहाशे तऱ्हा

बाल्टिमोरच्या आगीनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने देशभरातल्या होज-कपलिंगची मोजदाद केली. ६०० हून जास्त तऱ्हा निघाल्या! प्रत्येक शहराचा आकार वेगळा, आटा वेगळा. १९०५ मध्ये राष्ट्रीय मानक ठरलं: अडीच इंची तोंड, इंचाला साडेसात आटे. प्रश्न सुटला असं वाटेल. पण बाल्टिमोरच्या आगीला १०० वर्षं झाली तेव्हा पाहणी झाली, तर अमेरिकेतल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या ४८ शहरांपैकी फक्त १८ शहरांत राष्ट्रीय मानकाचे हायड्रंट होते. एकदा जमिनीत गाडलेलं लोखंड बदलायला कुणाचा हात धजत नाही.

याचा फटका २० ऑक्टोबर १९९१ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला बसला. डोंगरउतारावरच्या वस्तीत वणवा घुसला. वारा प्रचंड, रस्ते अरुंद. त्यात ओकलंडच्या हायड्रंटची तोंडं तीन इंची आणि बाहेरून धावून आलेल्या बहुतेक दलांचे होज अडीच इंची. मधे लावायला अ‍ॅडॉप्टर हवेत, ते पुरेसे नाहीत. त्या आगीत २५ माणसं गेली. सगळा दोष कपलिंगच्या माथी मारणं बरोबर नाही, पण आग पसरत असताना माणसं अ‍ॅडॉप्टर शोधत होती, हे खरं आहे.

पेटंट जळालं!

खांबासारख्या हायड्रंटचा शोध कुणी लावला? श्रेय दिलं जातं फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता फ्रेडरिक ग्राफ यांना, साल १८०१. मग त्यांचं पेटंट दाखवा की! ते दाखवता येत नाही, कारण १५ डिसेंबर १८३६ ला वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयालाच आग लागली आणि हजारो कागद जळून गेले. त्यात हेही गेलं, असं सांगतात.

चित्रकाराचा होज

आणि होज? तो एका चित्रकाराचा. अ‍ॅमस्टरडॅमचा यान व्हान डर हेडन हा शहराची, घरांची, कालव्यांची इतकी बारीक चित्रं काढायचा की भिंतीतली वीट न् वीट मोजून घ्यावी. याच गृहस्थाने शहराला रस्त्यावरचे दिवे दिले, आणि १६७२ च्या सुमारास भाऊ निकोलास याच्या जोडीने चामडं शिवून लवचीक होज तयार केला. त्याआधी बादल्यांची रांग लावायची किंवा पंपाचं ताठ तोंड आगीवर रोखायचं, एवढेच उपाय. होज आला आणि पाणी घराच्या आत शिरलं.

त्याच्या होजचे तुकडे सुमारे ५० फुटांचे आणि पितळेच्या जोडांनी एकमेकांना लावलेले. ५० फूट म्हणजे १५ मीटर. आता जिन्यातली पेटी उघडा आणि आतल्या होजची लांबी विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर तेच येईल: १५ मीटर. साडेतीनशे वर्षं झाली, चामड्याच्या जागी रबराचं अस्तर लावलेलं कापड आलं, पण लांबीचा हिशोब तोच राहिला.

मेल, फिमेल आणि तिसरा

आट्यांच्या कपलिंगमध्ये एक बाजू आतल्या आट्यांची, दुसरी बाहेरच्या. एक चुकीचं टोक पुढे नेलं की सगळा होज उलटा फिरवायचा. याला वैतागून १९व्या शतकाच्या अखेरीस गुइडो श्टोर्त्स नावाच्या स्विस माणसाने दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेलं कपलिंग काढलं. मेल नाही, फिमेल नाही. कुठलंही टोक कुठल्याही टोकाला लावा, थोडं फिरवा, बसलं. जर्मनीने ते देशभर लावलं आणि मापांना साधी अक्षरं दिली. 'ब' गटाचा होज ७५ मिलिमीटरचा, 'क' गटाचा ५२ चा. पुढे अमेरिकेनेही आपल्या चार-पाच इंची जाड होजना बऱ्याच ठिकाणी हेच कपलिंग लावलं.

ब्रिटनची वाट निराळी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे १,६०० च्या आसपास स्वतंत्र अग्निशमन दलं होती, गावागणिक सामान वेगळं. बॉम्बच्या वर्षावात हे परवडणारं नव्हतं. १९४१ मध्ये सगळी दलं एका राष्ट्रीय सेवेत गोळा केली आणि अडीच इंची 'इन्स्टंटेनियस' कपलिंगचं महत्त्व वाढलं. नावाप्रमाणेच झटपट! आटे नाहीत, फिरवाफिरवी नाही. आपल्याकडे आलं ते हेच. अडीच इंचाचं ६३ मिलिमीटर झालं आणि भारतीय मानकात बसलं. मुंबईचा बंब असो की सोलापूरचा, त्याच्या डिलिव्हरी होजच्या टोकाला हीच जात. इतकी साधी, एकसारखी व्यवस्था आपल्याकडे आहे, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. ती आपल्याच इमारतीत बिघडवून ठेवायची नाही, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

टक्!

ही गाठ एकदा हातात घेऊन बघा. फिमेल बाजूच्या दोन अंगांना दोन खिट्ट्या असतात, फायरवाले त्यांना 'लग' म्हणतात. आत स्प्रिंग. मेल बाजू म्हणजे गुळगुळीत गोल नळी, टोकाला थोडी उभारलेली कड. मेल आत ढकलली की कड लगना बाजूला सारते, पलीकडे जाते आणि स्प्रिंग लगना परत जागेवर आणते. टक्! आवाज आला म्हणजे बसलं. सोडवायचं तर दोन्ही लग एकदम बाहेर ओढायचे. होज भरलेला असेल तर ते हाताने सहसा ओढले जात नाहीत, दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो.

किती दाब? हायड्रंटला ७ किलो प्रेशर आहे असं धरा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ७ किलो. ६३ मिलिमीटरच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा: २१८ किलो. एवढं बळ दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकलत असतं आणि बोटाएवढ्या दोन लगनी ते अडवलेलं असतं. मानकाप्रमाणे चाचणी तर २१ किलो दाबाची. म्हणजे साडेसहाशे किलोंहून जास्त. हलक्या ओतकामाचे, आत पोकळ्या राहिलेले लग इथे तुटतात.

पाणी अडवतो तो फिमेलच्या आतला रबरी वॉशर. पाणी त्याच्या ओठात शिरतं आणि त्याला मेलवर दाबून धरतं. वॉशर सुकून कडक झाला, चिरला किंवा हरवला, की जिन्यात कारंजं आणि नोझलवर पिचकारी. संपूर्ण यंत्रणेतला सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात आधी मरतो तोही हाच.

आता एक गोष्ट खास लक्षात ठेवण्याजोगी. अमेरिकेत हायड्रंटचं तोंड मेल असतं आणि होजची फिमेल बाजू त्यावर चढते. आपल्याकडे उलट. व्हॉल्व्हचं तोंड फिमेल, होजचं मेल टोक त्यात जातं आणि होजचं फिमेल टोक नोझलच्या दिशेने राहतं. म्हणजे पाणी नेहमी फिमेलमधून मेलमध्ये जातं. याचा उपयोग जीव वाचवायला होतो! धुरात हात दिसत नाही, जवान जमिनीवर रांगत होज चाचपतो. दोन होजच्या जोडावर हात पडला की लग कुठल्या अर्ध्या भागावर आहेत ते बघायचं. लगवाला भाग ज्या होजचा, तो होज व्हॉल्व्हकडे, म्हणजे बाहेरच्या वाटेकडे जातो.

भरलेला होज आणि ४५ किलोंचा धक्का

६३ मिलिमीटरच्या १५ मीटर होजमध्ये पाणी मावतं सुमारे ४७ लिटर. म्हणजे रिकामा असताना काखेत मारून नेता येणारा होज पाणी सोडल्यावर ४७ किलोंनी जड होतो. दोन जोडले तर ९४. शिवाय पुढे नोझलचा मागे ढकलणारा धक्का: २० मिलिमीटरचं नोझल आणि तिथे ७ किलो दाब असेल तर सुमारे ४५ किलोंचा. साडेतीन किलोला निम्मा, २२ च्या आसपास. एकट्यादुकट्या रहिवाशाने मोठा होज हाती धरून शौर्य गाजवू नये, ते यासाठी. रहिवाशांसाठी त्याच व्हॉल्व्हशेजारी बारीक नळीचं होज-रील असतं. ते एकट्याला पेलतं, आणि सगळं न उलगडताही त्यातून पाणी येतं.

व्हॉल्व्ह: चाक फिरवलं की झालं?

जिन्यातला तो लाल चाकाचा व्हॉल्व्ह म्हणजे लँडिंग व्हॉल्व्ह. त्याचा भारतीय मानक क्रमांक आयएस ५२९०. एकतोंडी आणि दुतोंडी असे दोन मुख्य प्रकार. एकतोंडीला मागून ८० मिलिमीटरचा पाइप, दुतोंडीला १०० चा. ७ किलो दाबाला एकतोंडी व्हॉल्व्हमधून मिनिटाला किमान ९०० लिटर पाणी निघायला हवं. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी मिनिटभरात रिकामी व्हावी, तसं! हे जमायचं तर आतली वाट मोकळी हवी. बाहेरून हुबेहूब दिसणारा, पण आतून चिंचोळा व्हॉल्व्ह इथेच उघडा पडतो, फक्त पाणी सोडून बघणारं कुणी असलं पाहिजे.

दाबाचं गणित सोपं आहे. दर १० मीटर उंचीला १ किलो. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते, सगळ्यात वरच्या किंवा लांबच्या हायड्रंटवर साडेतीन किलो मिळालेच पाहिजेत. आता ३० मजली इमारत घ्या, मजला ३ मीटरचा. वर साडेतीन किलो हवेत तर तळाला ९ किलो आणखी, म्हणजे साडेबारा! तळमजल्यावर हा होज दोघांनाही आवरणार नाही. लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर २८० मीटर उंच. तिथे नुसत्या पाण्याच्या उंचीचेच २८ किलो होतात. म्हणून उंच इमारतींत मधे टाक्या आणि पंप ठेवून पाण्याचे टप्पे पाडतात.

आणि टप्प्याच्या आतला जास्तीचा दाब? तो मारायचे दोन मार्ग. पहिला, व्हॉल्व्हमागे भोक पाडलेली चकती, म्हणजे ऑरिफिस प्लेट. स्वस्त, साधी. पण तिची खोड ध्यानात ठेवा: पाणी वाहत असेल तेव्हाच ती दाब कमी करते. पुढे नोझल बंद केलं, प्रवाह थांबला, की भोकापलीकडे पूर्ण दाब चढतो आणि तो सगळा होजवर आणि त्या दोन लगवर येतो. दुसरा मार्ग दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. तो पाणी वाहत असो वा थांबलेलं, दाब आटोक्यात ठेवतो. महाग आहे, नाजूकही आहे, आणि प्रत्येक मजल्यासाठी वेगळा 'सेट' करावा लागतो. तो चुकीचा सेट झाला तर काय होतं, हे जगाला फिलाडेल्फियात कळलं.

२३ फेब्रुवारी १९९१, शनिवारची रात्र. वन मेरिडियन प्लाझा, ३८ मजली कार्यालयीन इमारत. २२व्या मजल्यावर जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या. जवान चढले, व्हॉल्व्ह उघडले, होज जोडले. सगळं बसलं. पण नोझलमधून पाण्याची धार पुढे जाईना. जवानांच्या नोझलना सुमारे ७ किलो दाब लागायचा, आणि व्हॉल्व्ह सव्वाचार किलोही देत नव्हते. दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतानाच चुकीचे सेट झाले होते, आणि ते जागेवर बदलायला खास अवजार आणि जाणकार माणूस हवा होता. तो माणूस येऊन व्हॉल्व्ह जुळवेपर्यंत कित्येक तास गेले. तीन जवान गेले. आठ मजले आतून खाक झाले, आग १८ तासांहून अधिक चालली. ती थांबली कुठे? ३०व्या मजल्यावर. तिथे भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. त्यांतले फक्त १० उघडले आणि जे शेकडो जवानांना जमलं नव्हतं ते त्यांनी केलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला व्हॉल्व्हने दगा दिला आणि ऑक्टोबरमध्ये ओकलंडला कपलिंगने. दोन्ही ठिकाणी सामान जागेवर होतं. ते एकमेकांशी जुळत नव्हतं.

आणखी एक, थोडक्यात. १८ ऑगस्ट २००७, न्यूयॉर्कची डॉइश बँक इमारत, पाडकाम चालू असताना आग. वर व्हॉल्व्ह आहेत, होज आहेत, पण तळघरात पाइपचा एक तुकडाच काढून टाकलेला! दोन जवान गेले. तुमच्याकडे प्लंबिंगचं किंवा पुनर्बांधणीचं काम निघालं की 'फायरची लाइन तोडली का?' हा प्रश्न त्या दिवशीच विचारा.

धातूची पारख

बाजारात मुख्यतः तीन धातू दिसतात: गनमेटल, स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू. गनमेटल म्हणजे साधारण ८५ टक्के तांबं आणि उरलेल्यात कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आसपास. साधं पितळ त्याच्यासारखंच पिवळं दिसतं, पण त्यात जस्त भरपूर. पाण्यात राहून ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तांबूस, भुसभुशीत सांगाडा. बाहेरून व्हॉल्व्ह ठणठणीत, आतून पोखरलेला. रंग मारल्यावर तर कुणाला काहीच कळत नाही.

अ‍ॅल्युमिनियम हलकं, स्वस्त. होजच्या कपलिंगसाठी वजनाचा फायदा खरा आहे. पण अ‍ॅल्युमिनियमचं कपलिंग गनमेटलच्या व्हॉल्व्हला वर्षानुवर्षं लावून ठेवलं आणि हवा मुंबई-रत्नागिरी-पणजीसारखी खारट, दमट असली, तर दोन धातूंमध्ये विजेसारखी क्रिया होते. झिजतं अ‍ॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी फटीत साचते आणि जोड असा चिकटतो की हातोडी घ्यावी लागते. किनारपट्टीवर व्हॉल्व्ह आणि कपलिंग एकाच धातूचं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टेनलेस स्टीलमध्येही पोटजाती. कमी निकेलचं २०२ आणि त्याहून सरस ३०४. चुंबक लावून 'चिकटलं नाही, म्हणजे अस्सल' असं सांगणारा विक्रेता भेटेल. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही! धातूचा चाचणी अहवाल मागा.

आणि चोरी. गनमेटलला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून ब्रांच पाइप (होजच्या टोकाला लागणारी, नोझल धरणारी नळी) आणि नोझल पेट्यांतून गायब होतात. स्टीलला तेवढा भाव नाही, म्हणून काही सोसायट्या मुद्दाम स्टील घेतात. कारण पटण्यासारखं आहे. याउलट चोरीच्या भीतीने नोझल काढून कार्यालयाच्या कपाटात ठेवणं हे मात्र मला मुळीच मान्य नाही. रात्री अडीच वाजता १४व्या मजल्यावरून कपाटाची किल्ली शोधायला कोण जाणार?

रंगाऱ्याचा ब्रश

ठाण्याच्या एका जुन्या सोसायटीत तपासणीला आलेला तंत्रज्ञ पोरगा आणि तिथले वयस्कर वॉचमन यांच्यातलं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"मामा, या पेटीची किल्ली?"

"सेक्रेटरीसाहेबांकडं. ते गावाला गेलेत."

"आणि हा व्हॉल्व्ह शेवटचा कधी उघडला होता?"

"दिवाळीला रंग मारला की त्याला!"

मामांचं काय चुकलं? त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. पोराने काही न बोलता खिशातून चिंधी काढली, व्हॉल्व्हच्या तोंडाशी वाकला आणि नखाने लगभोवतीची लाल साल सोलायला लागला. थरावर थर. सणागणिक रंग चढला होता आणि लग त्यात थिजले होते. ओढून बघितले, हलेनात. मेल टोक आत ढकललं, पण टक् झालंच नाही. इथे पाणी सोडलं असतं तर होज उडून कुणाच्या तरी तोंडावर बसला असता. मग त्याने रंग खरवडला, लगला तेलाचा थेंब दिला, वॉशर बोटाने चाचपून नवा घातला आणि मामांकडून चार वेळा जोडून-सोडवून घेतलं. चौथ्या वेळेला मामांनी आवाज ऐकूनच मान डोलावली.

असाच घोळ फाटकाजवळच्या फायर ब्रिगेड इनलेटचा. इमारतीतला पंप बंद पडला तर बंब आपलं पाणी याच तोंडांतून आत ढकलतो. इथली तोंडं मेल असतात, कारण बंबाच्या होजचं फिमेल टोक त्यांवर चढायचं असतं. ही जागा कुठे आहे? शोधा. निम्म्या वेळा तिच्यापुढे स्कूटर लावलेली असते, नाहीतर कुंड्या मांडलेल्या. फरशीचं काम करताना ती अर्धी बुजवलेलीही मी पाहिली आहे. तोंडांवर झाकणं नसतील तर आत गुटख्याच्या पुड्या, दगड, पोरांचे चेंडू. हे सगळं पाण्याबरोबर थेट नोझलपर्यंत जाऊन अडकतं.

नागदेवी स्ट्रीटला जाण्याआधी

मुंबईत व्हॉल्व्ह आणि फिटिंगच्या बाजारासाठी नागदेवी स्ट्रीट प्रसिद्ध. तिथून घ्या किंवा कंत्राटदाराकडून, पण कोटेशनमध्ये 'हायड्रंट व्हॉल्व्ह, उत्तम दर्जा' एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा. मानक क्रमांक लिहून घ्या: व्हॉल्व्हसाठी आयएस ५२९०, कपलिंग-ब्रांच पाइप-नोझलसाठी आयएस ९०३, होजसाठी आयएस ६३६, होज-रीलसाठी आयएस ८८४. धातू लिहून घ्या. एकतोंडी की दुतोंडी, कुठल्या मजल्याला कुठला दाब आणि ऑरिफिसचं भोक किती, तेही. वस्तूवरच्या आयएसआय चिन्हाच्या वर मानक क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, परवाना कुणाचा आणि कशासाठी आहे ते दोन मिनिटांत कळतं. चिन्ह कुणीही ओतू शकतं, म्हणून हा क्रमांक तपासायचा कंटाळा करू नका.

दुकानात एक सोपी परीक्षा: व्हॉल्व्ह एका बनावटीचा आणि कपलिंग दुसऱ्या बनावटीचं घेऊन तिथेच जोडा. बसलं पाहिजे, डुगडुगता कामा नये आणि दोन्ही लग पूर्ण आत आले पाहिजेत. होजवर कपलिंग बांधलेली तार एकसारखी, घट्ट आणि टोक न टोचणारी हवी. इथेच होज सुटतात. चाक डावीकडे फिरवलं की उघडलं पाहिजे आणि त्यावर दिशेचा बाण हवा.

जुन्या इमारतीत काही मजल्यांचे व्हॉल्व्ह बदलायचे असतील तर मात्र 'जे स्वस्त मिळेल ते' म्हणून तीन तऱ्हेचे आणू नका. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह एका मजल्यावरून काढून दुसऱ्या मजल्यावर लावायचा तर मुळीच नाही. फिलाडेल्फिया आठवा.

जानेवारी, जुलै आणि १४ एप्रिल

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरकर्त्याने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'फॉर्म बी' द्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी हा फॉर्म टेबलावरच भरला जातो. कागद तयार, फाइल बंद, आणि वर १४व्या मजल्यावरचे लग रंगात थिजलेलेच.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठींबरोबर स्फोटकं होती. होज धरून उभे असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटांत गेले. म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आणि पुढचा आठवडा अग्निशमन सप्ताह. दलाचे लोक त्या आठवड्यात सोसायट्यांत, शाळांत प्रात्यक्षिकं दाखवतात. त्यांना बोलवा, ते येतात.

पुढच्या तपासणीला एजन्सीचा माणूस आला की सही करण्याआधी त्याला चहा द्या आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर घेऊन जा. होज त्याच्याकडून जोडून घ्या, नोझल गच्चीच्या मोकळ्या बाजूला धरायला सांगा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला लावा आणि प्रेशर गेजवर साडेतीन किलो दिसतात का ते स्वतः वाचा. काम झालं की होज वाळवून, नव्या घडीने पेटीत ठेवा. पेटीची किल्ली पेटीजवळच राहू द्या. आणि या सगळ्या वेळी वॉचमनमामांना शेजारी उभं करा. आग लागेल तेव्हा बंबाच्या आधी तिथे तेच असणार आहेत.